हळदीतला ताप

आमच्या धाकट्या भावाला हळद लागली आणि तासाभरात त्याला हुडहुडी भरली. आफ्रिकेतलं बोअरवेल खोदायचं काम आटोपून महिन्यापूर्वीच तो गडचिरोलीतल्या आमच्या गावी परतला होता. ब्रह्मपुरीहून आलेल्या नवरीच्या मामानं लगेच मोबाईलवर शोधलं. "तिकडं पिवळा ताप राह्यते. पोरगा पिवळा दिसूनच राह्यला! आमी पोरगी देत नाई."

अहो, हळद लावलेला नवरदेव पिवळा नाही तर काय निळा दिसणार? मी भडकलेच. आरोग्य केंद्रात बारा वर्षं मलेरियाचं रक्त तपासते मी. धाकट्याचं तोंड ओल्या टॉवेलनं पुसलं, पापणी खाली ओढली. डोळे पांढरे. "मामाजी, कावीळ असती तर हे पिवळे दिसले असते. अन् तो ताप डास चावला का हप्त्याभरात येते. याले येऊन महिना झाला. जायच्या आधी लस घेतली, हे पाहा कार्ड."

कार्डही नेमकं पिवळंच निघालं. मामा ते उलटंसुलटं करत म्हणाले, "मंग हा ताप कायचा?"

त्याला उत्तर एकच, रक्त पाहणं. मी मलेरिया तपासायचं किट आणलं तर आई आडवी आली. हळदीच्या अंगातून रक्त काढलं तर अपशकुन होतो म्हणे.

"आई, आपल्या जंगलातला मलेरिया असन तर उद्यापर्यंत थांबता येत नाई वो. डोक्यात चढला तर पोरगा हातचा जाईन!" खरंच घाबरले होते मी.

आईनं स्वतःचंच बोट पुढं केलं. "पह्यले माह्यं रगत काढ. अपशकुन मलेच लागू दे."

मी आणखी एक किट काढलं. दोघांचीही बोटं टोचली. पंधरा मिनिटं मांडवात कोणी जेवायला उठलं नाही.

दोन्ही किटवर दोन-दोन रेघा उमटल्या. दोघांनाही मलेरिया!

मामाच आधी हसले. "विहीणबाई तर चंद्रपूरच्या पुढं गेल्या नाईत. म्हणजे डास इथलाच!" मलेरिया निघाला म्हणून मांडवात असा आनंद मी आजवर पाहिला नव्हता. डॉक्टरांना फोन करून मी दोघांच्या गोळ्या सुरू केल्या. लग्न ठरल्या वेळी लागलं.

पण हळदीच्या त्या संध्याकाळी, बोट टोचल्यावर, आईचा हात माझ्या हातातच राहिला होता. चांगलाच तापला होता.

"कधीपासून?"

"परवापासून. लगनघरात सांगून काऊन खोळंबा करू?"

दोन दिवस मी त्याच हातचं जेवत होते. अख्ख्या गावाची बोटं टोचली मी, आईचं बोट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.