गाईने चाटलेली जीप

ती घटना आठवली की आजही जिभेवर खारट चव येते. हे अलंकारिक बोलणे नाही. तपासाच्या कामी मी खरोखरच एका जीपची चव घेतली होती. पोलीस खात्यात माणसाला पुष्कळ काही गिळावे लागते, पण जीप चाखलेला फौजदार माझ्या माहितीत मी एकटाच.

बहात्तरचा दुष्काळ ओसरून फार काळ झाला नव्हता. जालना अजून स्वतंत्र जिल्हा व्हायचा होता. माझ्या ठाण्याच्या हद्दीत, वाटूरच्या अलीकडे, एक लांब उतार होता. भरदिवसा त्या उतारावरून एक जीप सुसाट सुटली आणि खालच्या नाल्यात उलटली. आत दोघेच होते. एक चालक आणि दुसरा जीपमालकाचा धाकटा भाऊ. चालकाचे कपाळावरच्या खोकेवर निभावले. भाऊ मात्र बेशुद्ध अवस्थेत जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेला.

मालक म्हणजे गावातला जुना, वजनदार शेतकरी. चालक त्याच गावचा, बौद्ध वस्तीतला, दुष्काळी कामावर ट्रॅक्टर शिकलेला. पंचनामा केला तेव्हा ब्रेकची नळी तुटलेली आढळली. दुसऱ्या दिवशी एक गावकरी खबर घेऊन ठाण्यात हजर झाला.

"साहेब, त्या दिवशी सकाळी तो जीपखाली घुसल्ता. हातात पाना होता. मी सोता पाह्यलं."

त्याच्या पाठोपाठ मालक आला. "आदल्या दिवशी माझ्या भावाशी भांडल्ता तो. डूख धरला त्यानं. आत्ता आत्ता घेतली गाडी, रंग सुद्धा जुना झाला न्हाई. नळी काय आपोआप तुटती का साहेब?"

आरोपीचे नाव-गाव, हत्यार आणि कारण अशी सगळी तयारी करून खबर चालत आली की माझे डोके फिरते. गावात काही विपरीत घडले तर बोट कोणत्या वस्तीकडे दाखवायचे, हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते. पण माझे डोके फिरले हे कागदावर लिहिता येत नाही. भांडण झाले होते, पाना होता, नळी तुटली होती. चालकाला अटक करावी लागली. दवाखान्यातला भाऊ दगावला असता तर त्याच्यावर खुनाचे कलम लागले असते.

चौकशीला मी स्वतः बसलो.

"नळी कापलीस?"

"न्हाई साहेब. पाय दाबला, पायडल खाली गेलं. हँडब्रेक ओढला, तो जाम."

"मग जीपखाली कशाला गेला होतास?"

"ऑइल टिपकून राह्यलं होतं. कुठून टिपकतं ते पाहाया गेल्तो. जिथं ओलं दिसलं तिथं आवळलं."

"आणि भांडण?"

"त्याच्यापायीच तर झालं. मी म्हणलो, गाडी मिस्तरीला दाखवू. धाकले मालक म्हणले, तुला चालवाया येत न्हाई म्हणून गाडीला नावं ठेवतो. मंग आवाज चढला दोघांचा."

मी उलटसुलट विचारले, दरडावले, गोडीतही घेतले. दर वेळी तेच शब्द आणि तोच क्रम. आमचे जमादार जुने, मुरलेले. ते म्हणाले, "पाठ करून आलाय साहेब." पोलिसाला असेच वाटते. तीच ती गोष्ट सांगणारा माणूस शिकवलेला असणार, असा आमचा पक्का हिशेब.

चालकाची बायको रोज भाकरी घेऊन यायची आणि आवारातल्या कडुनिंबाखाली बसून राहायची. कधी काही मागितले नाही तिने. एक दिवस मी बाहेर पडताना उठून उभी राहिली आणि एवढेच विचारले, "साहेब, धाकले मालक जगतेल नं?" नवऱ्याचे आधी विचारले नाही.

मोटार निरीक्षक औरंगाबादहून यायचे होते आणि त्यांना सवड होत नव्हती. तोवर जीप ओढून ठाण्याच्या आवारात लावली होती. आवाराला लागून कोंडवाडा होता. दुसऱ्याच्या शेतात शिरलेली जनावरे दंड भरेपर्यंत तिथे कोंडून ठेवत. मधली भिंत एका जागी पडलेली. त्या भगदाडातून एक हडकुळी गाय सारखी आमच्याकडे यायची, थेट जीपपाशी जायची आणि दाराची खालची कड चाटत राहायची. कोंडवाड्याचा रखवालदार वैतागला होता.

"कडबा टाकला, ते सोडून ही लोखंड चाटून राह्यली. येडी झाली बिलकुल!"

मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात उभा होतो. आधी हसलो. मग हसू थांबले. आमच्या घरी गोठ्यात मिठाचा खडा टांगलेला असायचा आणि जनावरे तो असेच, डोळे अर्धवट मिटून चाटायची. मी कप ठेवला, जीपपाशी गेलो, गाईला बाजूला सारले आणि दाराच्या फटीत बोट फिरवून जिभेला लावले.

मीठ!

साहेबांना उन्हाचा त्रास झाला, अशा नजरेने जमादार माझ्याकडे पाहत होते. मी त्यांनाही चव घ्यायला लावली. "आयला, मीठच हाय," म्हणत ते थुंकले.

पंच बोलावून आम्ही सीट काढली, फरशीचा पत्रा उचकटला, दाराचे आतले आवरण उघडले. वरून हिरवागार रंग आणि आत गंजाचे पापुद्रे. हँडब्रेकची तार गंजून एकजीव झालेली. चेसिसच्या पोकळीत पांढरट वाळू आणि शिंपल्यांचा चुरा निघाला. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात असली वाळू कुठून येणार? ही जीप कधीतरी समुद्राच्या पाण्यात बुडालेली होती.

मालकाने ती जुन्या जालन्यातल्या एका वापरलेल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. व्यापाऱ्याला बोलावले. "बिलकुल बराबर गाडी दिल्ती साहेब," असा त्याचा सूर. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि बशीशेजारी मूठभर वाळू ओतली.

"चहा घ्या. ही तुमच्या जीपमधली."

त्याने वाळूकडे पाहिले. चहाला हात लावला नाही.

"किनाऱ्याकडं खाडीचं पाणी गावात घुसल्तं साहेब. गाड्या बुडाल्या. सस्त्यात भेटल्या म्हणून आणल्या. तिथल्या लोकांनी बजावलं होतं, गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धू, नळ्या बदल, मंगच चालव. पण तवा इथं प्यायला पाणी न्हवतं. टँकर आला की लोक हंडे घेऊन मारामाऱ्या करत. मी गाडी धुतली असती तर गल्लीनं मला धुतलं असतं. मंग मारला रंग वरून."

माणूस खरे बोलत होता हे मला कळले, आणि त्याची अडचणही कळली. पण गाडी धुता न येणे वेगळे आणि गिऱ्हाइकापासून ती गोष्ट लपवणे वेगळे. तेवढ्यात त्याचा एक शब्द माझ्या डोक्यात टोचला.

"गाड्या म्हणालात. दुसरी कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली. "घनसावंगीला. सवाऱ्या भरती."

आम्ही तसेच निघालो. घनसावंगीच्या स्टँडवर ती जीप माणसांनी खचाखच भरून सुटण्याच्या बेतात होती. पाच-सात जण मागे लोंबकळत होते. सगळ्यांना उतरवले तेव्हा आरडाओरडा झाला. "बाजार उठंल साहेब, जल्दी सोडा!" एक म्हातारी तर माझ्या नावाने बोटे मोडू लागली. त्या जीपच्या चालकालाच मी खाली घुसायला सांगितले. आमच्या जीपची नळी ज्या वाकाशी तुटली होती, या नळीच्या त्याच वाकाशी त्याने नखाने दाबले, आणि रंगाचा पापुद्रा सुटून ऑइल टपटप गळू लागले. नळी नुसती रंगावर उभी होती. या चालकाचे कोणाशी भांडण नव्हते, आणि त्याच्या जीपखाली कोणी पानाही घेऊन गेलेले नव्हते.

मी तिथेच एका दगडावर बसलो. इतके हलके मला क्वचितच वाटले असेल. नळी कापलेली नव्हती, कुजलेली होती. म्हातारीने खाली वाकून गळणारे ऑइल पाहिले आणि मला पाणी आणून दिले.

निरीक्षकांचा अहवालही तोच आला. त्याच सुमारास दवाखान्यातला भाऊ शुद्धीवर आला. जबाब नोंदवताना म्हणाला, "त्यानं सांगितल्तं साहेब, गाडी दाखवू म्हणून. आम्हीच ऐकलं न्हाई." व्यापाऱ्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि चालक सुटला. कडुनिंबाखाली त्याच्या बायकोला निरोप मी स्वतः दिला. दोन्ही निरोप एकदमच दिले, धाकले मालक जगले आणि नवरा सुटला. तिने पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. मलाही चष्मा पुसावा लागला, आणि जमादारांनी पाहून न पाहिल्यासारखे केले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. एखादा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगतो, तेव्हा त्याने ते पाठ केलेलेच असते असे नाही. कधी कधी तेवढेच घडलेले असते, म्हणून तो तेवढेच सांगतो. पुढे कोणी एकच जबाब सारखा देऊ लागला की मी दरडावण्याआधी एकदा गाडीखाली वाकून पाहायचो.

काही महिन्यांनी त्या मालकाने दुसरी जीप पाहिली. पारखायला मला बोलावले होते, पण मुख्य पारखी त्याने त्याच चालकाला नेमले. दोघा भावांनी रंग पाहिला, टायर पाहिले. चालकाने दाराच्या फटीत बोट फिरवले, जिभेला लावले आणि क्षणभर डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत उभे.

"अळणी हाय मालक," तो म्हणाला. "घ्या."