सिद्धम्माची झांज

येरमाळ्याच्या बसथांब्याशेजारी नारळ, हळदकुंकू आणि बत्ताशांचं दुकान चालवणाऱ्या सत्यभामाक्का येडेश्वरीच्या आराधीण, देवीची गाणी म्हणणाऱ्या. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी हातात परडी आणि तोंडात कायम कुणाची तरी थट्टा. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की विचारतात, "आईच्या म्होरं बी असंच भांडतूस व्हय रे?"

अक्कांचं गाणं मात्र एकटीचं कधीच नव्हतं. आराधी गाण्यात एकीनं ओळ म्हणायची आणि दुसरीनं ती उचलून परत द्यायची. त्याला झील म्हणतात. अक्कांची झील धरायची शेजारची सिद्धम्मा. ती कानडी मुलखातली लेक, नळदुर्गाच्या पलीकडची. तिच्या प्रत्येक शब्दाला कानडी हेल असायचा आणि अक्का त्यावरून तिला जन्मभर चिडवत आल्या. मग सिद्धम्मा गेली, तिची झांज अक्कांकडं राहिली, आणि अक्कांनी गाणं सोडलं. सून शिवांजली भाकरी थापताना तीच गाणी गुणगुणायची. "झील सिद्धीची, दुसऱ्या कुणाला जमायची न्हाय," एवढं बोलून अक्का तिला गप्प करायच्या.

तुळजापुरात आम्ही जुन्या संगीताचा उत्सव भरवतो. दिवसा अभ्यासकांची चर्चा, संध्याकाळी गाणंबजावणं. मी, प्रमोदिनी, शाळेतली निवृत्त संगीतशिक्षिका. माझ्या वाट्याला पाहुण्यांचा चहा आणि कलाकारांच्या विनवण्या. यंदा अक्कांच्या दुकानात हेलपाटे घालून मी अर्ध्या दुकानाचे नारळ विकत घेतले, तेव्हा कुठं त्या वितळल्या.

"येते बाई, तुमच्या शब्दाखातर. पण हे शेवटचं. मग माझी झांज आन् सिद्धीची झांज, दोन्ही भवानीच्या पायाशी ठिवून मोकळी हुते."

मला आनंद झाला, पण तो अर्धाच. आईपासून लेकीकडं आलेली ही गाणी आता आमच्याच सभागृहात संपायची होती.

त्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. ध्वनिमुद्रण चालू होतं, म्हणून सगळ्यांना शांत बसायला सांगितलेलं. अभ्यासक मंडळी तर श्वाससुद्धा जपून घेत होती. अक्का मंचावर बसल्या, मागं पिशवी सांभाळत शिवांजली. अक्कांनी झांज वाजवली आणि येडेश्वरीच्या यात्रेतल्या चुनखडी वेचण्याच्या गाण्याला आवाज लावला,

"चुनखडी वेचिते गं आई, तुझ्या रानात..."

आणि सवयीनं थांबल्या. झील यायची वाट बघत.

कुणी हूं की चूं केलं नाही. मग लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला! आराधणीचं गाणं पहिल्याच ओळीला टाळ्या वाजवून संपवणारे आम्हीच. अक्कांना वाटलं, लोकांना एवढंच पुरे आहे. त्यांनी झांज पदरात गुंडाळली आणि गुडघ्यावर हात टेकून त्या उठायला लागल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाडाभरडा आवाज आला, "चुनखडी वेचिते गं आई..."

ते बिदरकडचे वीरप्पा होते. जुन्या वीणांचे अभ्यासक, आणि चहात साखर जास्त झाली म्हणून सकाळपासून माझ्यावर खेकसणारे म्हातारबाबा. खुर्चीच्या हातावर ताल धरून ते गात होते. सूर जरा इकडंतिकडं, पण हेल अस्सल कानडी.

अक्का जागच्या जागी खिळल्या. "सिद्धे," एवढंच पुटपुटल्या आणि परत बसल्या. दुसरी ओळ म्हटली. वीरप्पांनी ती उचलली. तिसरी ओळ आणखी दोघाचौघांनी उचलली, आणि पुढं सगळ्या सभागृहानं. अक्का मंचावरून उतरल्या, पिशवीतून काढलेली सिद्धम्माची झांज वीरप्पांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "धरा. आन् ताल सांभाळा, लई घाई करताव." हसता हसता माझे डोळे भरून आले.

गाणं संपल्यावर वीरप्पांनी झांज कपाळाला लावून परत दिली. "आमची आई यल्लम्माची गाणी म्हणायची," ते म्हणाले. "ओळ खाली पडू द्यायची नाही, एवढं शिकवलं होतं. आईनंतर आज तोंड उघडलं. तुमचे उपकार आहेत, अक्का." चहातल्या साखरेवरून त्यांचं खेकसणं मी त्या क्षणी माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सोडायला गेले, तेव्हा बसस्थानकावर शिवांजली म्हणाली, "आत्या, दर्शन झालं, पण झांजा ठिवायच्या राहिल्या की वो."

अक्कांनी पिशवीतून सिद्धम्माची झांज काढली आणि सुनेच्या हातात दिली. "बिदरच्या म्हाताऱ्यानं झील धरली. तू तर माझ्या चुलीपाशी गातीस, आन् म्या तुला गप करत आले. धर आता."

बस सुरू झाली. खिडकीतून अक्कांची ओळ आली, मागोमाग शिवांजलीची लाजरी झील. दुसऱ्या ओळीला ती जरा अडखळली. मग बसस्थानकावर, हमाल आणि कंडक्टरांच्या देखत, मीच गळा मोकळा करून ती उचलली.