कौसाबाईच्या बिबड्या अन् माझं आत्मनिर्भर

कौसा, माझी बायको, दिवाळीच्या आधी वारली. शहाद्याच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. ग्रुपवर लोकांनी फुलं टाकली, भावपूर्ण श्रद्धांजली टाकली. मला तसं लिहिता येत नही. चौथीनंतर शाळेने मला पाहिलं नही अन् मी शाळेला. बोलतो तसं लिहितोय, सांभाळून घ्या.

ती बिबड्या करायची. ज्वारी भिजवायची, दळायची, शिजवून त्याचा घाटा करायचा अन् गरम असतानाच ओल्या फडक्यावर पातळ थापून खाटेवर वाळवायचा. पापडच, पण आपल्या खान्देशचा. गल्लीतल्या बाया आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या अंगणात, अशा जमून करतात. कौसाने त्याच बायांचा बचत गट केला.

मग सरकारची योजना आली. शहाद्याला प्रशिक्षण होतं. कौसाला एसटी लागायची म्हणून मी सोबत गेलो. बाया पुढे बसल्या, मी मागे, चहाच्या टाकीजवळ. मॅडम म्हणाली, देश बाहेरून फार माल आणतो, आता आपल्या गावातलं आपणच बनवायचं, आपणच विकायचं, मशीनला सरकार मदत करेल, आत्मनिर्भर व्हायचं. मी मागून विचारलं, म्हणजे काय? मॅडम म्हणाली, कोणावर अवलंबून राहायचं नाही.

झालं. कौसाने मशीन धरलं अन् मी ते वाक्य धरलं.

गावात आल्यावर पारावर माझी भाषणं सुरू. परदेशी माल बंद म्हणून चांगली चालती बॅटरी फेकली, अन् अंधारात नालीत पडलो. हा मोबाईल कोणत्या देशाचा ते मी अजून पाहिलं नही. पाहणारबी नही.

मशीन आलं, अंगणात बसलं. ज्वारी भराभर दळून निघाली. मी कौसाला म्हटलं, "आते बाया कसाले? आपण आत्मनिर्भर शेतस. दोन्ही जण करी टाकू."

"तुम्ही थापशात?"

"त्यामां काय शे?"

तिने घाटा शिजवून माझ्यासमोर ठेवला. पहिल्या बिबडीला हात भाजला. दुसरी गुजरातच्या नकाशासारखी झाली. तिसरीला मधोमध भोक. चौथीपर्यंत पातेल्यातला घाटा असा घट्ट झाला की चाटू उभा राहिला त्याच्यात. कौसा तोंडाला पदर लावून हसत होती. मग गल्लीत जाऊन ओरडली, "वं रेवाजीजी, वं ममता, याना वं! मन्हा मालकनी देश बुडाई टाका!"

सगळ्या आल्या. गरम पाणी ओतून घाटा सारखा केला. मला कावळे हाकलायला बसवलं. मी तिथून म्हटलं, "मॅडमनी सांगेल शे, कोणावर निर्भर ऱ्हावानं नही."

कौसा थापता थापता बोलली, "ह्या बाया मन्हा आत्मा शेतस. त्यास्नावर निर्भर शे, मंग मी आत्मनिर्भरच व्हयनू ना?"

मॅडमकडे याचं उत्तर असेल. मी कावळा हाकलला.

पुढे गटाची पाकिटं नंदुरबारच्या स्टॉलवर गेली, नवापूरला गेली. अन् मग कौसा गेली.

आपल्याकडे मयत झालेल्या घरात वर्षभर पापड, बिबड्या करत नहीत. मशीन आमच्या अंगणात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी स्टॉलवाल्यांनी माल मागितलेला. नही दिला तर दुसऱ्या गावाचा गट घेतील म्हणाले. बाया लाजेकाजे काही बोलत नव्हत्या, अन् मी मशीनवर गोणपाट टाकून बसलेलो. आम्हाला मूलबाळ नही. तिचं मागे राहिलेलं म्हणजे हा गट, अन् तो माझ्या अंगणात मोडत होता.

बिबड्यांचं बोलावणं घरची बाई करते. पुरुष कोणी असं दारोदार फिरत नही. तरी मी टोपी घातली अन् रेवाजीजीच्या दारात गेलो. ती गल्लीत सगळ्यात वडील. "तब्येत बरी शे ना?" विचारलं अन् परत आलो. पुन्हा गेलो, आगपेटी मागितली.

"उखा, आगपेटी तुन्हा खिसामां दिखी ऱ्हायनी. काय बोलानं शे ते बोल."

"बिबड्या शेतस आमनाकडे. याना."

"दुखवटाना घरमां?"

"घरन्या नहीत. गटन्या शेतस."

"हाई कोणी शिकाडं रे तुले?"

"कोणी नही. मी आत्मनिर्भर शे."

ती हसली अन् मग पदराने डोळे पुसत बसली. संध्याकाळपर्यंत तिनेच सगळ्या गल्लीला सांगितलं.

ज्वारी भिजली, दळली. घाटा शिजला तेव्हा पहिला घास मला चाखायला दिला.

"मीठ कमी शे," मी म्हटलं.

"मंग कितलं टाकानं?" रेवाजीजी म्हणाली. "तिना नवरा शे ना तू?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गरम घाटा खायला तिच्यासमोर वाटी घेऊन बसलो, पण माझं सगळं लक्ष घाट्यावर तेल कधी पडतं याच्यावर. तिच्या हाताकडे कधी पाहिलं नही.

ममताने चिमूटभर टाकलं. चाखलं, नही. रेवाजीजीने अजून टाकलं. मग सगळ्याच चाखायला लागल्या अन् भांडायला लागल्या, एकीला खारट, एकीला अळणी. तिकडे घाटा घट्ट व्हायला लागला.

"थापा वं आते," ममता ओरडली, "कौसाबाई ऱ्हाती ते शिव्या देती!"

अन् त्या थापायला बसल्या.