बाईंच्या नावाची फ्लॉपी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकात रोह्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता. मला हे काम शिकवलं पेणच्या शुभदाबाईंनी. त्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळांचे निकाल लावायचा एक प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि मागेल त्याला त्या तो फुकट द्यायच्या. फ्लॉपीत एक छोटी फाइल असायची, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी — कॉपी करा, वाटा, पण आहे तसाच वाटा. काही बदललंत तर माझं नाव काढा आणि तुमचं घाला.

एवढीच अट. ती पाळायला काय जड होतं?

प्रोग्राम चालायला फार वेळ घ्यायचा. मला वाटलं, मी तो झटपट करून दाखवीन. बाईंना विचारलं नाही — विचारलं असतं तर माझी हुशारी कुठे दिसली असती? उगाच वाटल्या त्या चार ओळी काढून टाकल्या. काम भराभर होऊ लागलं. मग प्रश्न आला नावाचा. माझ्या नावाची फ्लॉपी कोण घेणार? बाईंच्या नावावर शाळा डोळे मिटून विसंबायच्या. म्हणून नाव त्यांचंच ठेवलं. आणि अटीची ती फाइल — ती पुसली.

फ्लॉपी हातोहात फिरली. रोह्याहून कोलाडला, कोलाडहून कुणीतरी धरमतरच्या खाडीकडच्या एका शाळेत नेली. तिथे मी दिली नव्हती. पण ती माझीच होती.

त्या शाळेत नववीत सुगंधा होती. आईबाप मिठागरावर. विज्ञानाच्या पेपरला ती तापानं पडून होती, म्हणून तिचा पेपर मागाहून घेतला होता. असे मागाहून आलेले गुण निकालात धरायचं काम करायच्या त्याच, मी काढून टाकलेल्या चार ओळी. निकालात सुगंधा नापास आली. जूनमध्ये वर्गशिक्षकांनी हाताने लिहिलेली वही ताडून पाहिली, तेव्हा कळलं — ती चांगली पास होती. मेमध्येच तिचं लग्न लावून दिलं होतं.

मला कळलं तसा मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडून बघितला. चूक लगेच सापडली. त्या शाळेतली फ्लॉपी माझ्याकडून निघाली होती हे बाईंना कळलं, आणि दोन दिवसांनी त्या एसटीने रोह्याला आल्या.

"माझ्याकडच्या प्रोग्राममध्ये ही चूक दिसत नाही रे," त्या म्हणाल्या. "तू यात काही बदललं होतंस का?"

"नाय बाई."

"मग तुला दिला तो जुना असेल. तो सुधारायचा राहिला असेल माझ्याकडून."

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सुगंधाच्या घरी त्या मला सोबत घेऊन गेल्या. माफी मागायला. मी मागे छत्री धरून उभा. तिची आई दारात बसली होती. तिला समजायला वेळ लागला.

"पास व्हती व्हय?" ती म्हणाली. "तिचा बाप बोलला, नापास झाली, आता घरात ठेवून काय करायचं? दिली ती. रडत व्हती पोर — मी शाळेत जाऊन एकदा इचारते बोलली. आमी जाऊ नाय दिली."

"चूक माझी आहे हो," बाई म्हणाल्या.

तेव्हा तरी मी बोलायचं ना? तिथे मला कोण मारणार होतं? मी खाली बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात शाळेला द्यायचं पत्र बाईंनी माझ्याच क्लासमध्ये टाइप करून घेतलं. 'चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. या मुलीच्या नुकसानीला मी जबाबदार आहे.' त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "तुला उगाच त्रास झाला."

मग त्यांनी शाळाशाळांतून आपल्या फ्लॉप्या परत मागवल्या. पुढे एकही प्रोग्राम लिहिला नाही. माझा क्लास मात्र चालला, वाढला. बाई भेटल्या की विचारायच्या, "त्या मुलीचं काही कळलं का रे?" मी कधी चौकशीच केली नव्हती.

बाई वारल्या तेव्हा मी पेणला गेलो होतो. शेवटपर्यंत त्यांना ती चूक आपलीच वाटत होती.

ती माझी होती.