आईचं खळं होतं तिथे

तोरणमाळच्या कड्यावरच्या सपाट खडकावर आई दरवर्षी भगर उफणायची. दरीतून वर येणारा वारा कोंडा मागे उडवायचा, दाणे तिच्या पायाशी पडायचे. मग खाकीतले साहेब आले. म्हणाले, "राखीव जंगल आहे. खडक खराब होतो." आम्ही खळं हलवलं. वर्षभरात त्याच खडकाला ड्रिलने भोकं पाडून त्यांनी लोखंडी कठडा बसवला. आमच्या सुपाने खराब होणारा खडक ड्रिलने होत नसावा!

आता पर्यटक दरीत वेफर्सची पाकिटं फेकतात, वारा ती परत वर आणतो. ती वेचायला साहेबांनी आईलाच रोजंदारीवर ठेवलंय. परवा फोटो काढणारी एक बाई तिला म्हणाली, "मावशी, बाजूला व्हा ना, मागचे कडे येत नाहीयेत."

आई बाजूला झाली. सवय आहे तिला.