झाकणाचा खटका

आमच्या इमारतीखालच्या कचऱ्याच्या डब्याला खटका बसवायची कल्पना माझी. कागदोपत्री मात्र सगळं खापर कावळ्यांवर आहे. जिन्याशी लावलेल्या नोटिशीत इंग्रजीत आणि तमिळमध्ये लिहिलं होतं, की कावळ्यांच्या आणि कुत्र्यांच्या उपद्रवामुळे डब्याला लॉक बसवत आहोत, रहिवाशांनी सहकार्य करावं. अण्णा नगरच्या कावळ्यांना वाचता येत नाही म्हणून बरं. नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावला असता त्यांनी.

डबा म्हणजे नेहमीचाच. हिरवा, कमरेइतका उंच, मागे दोन चाकं. सकाळी बॅटरीवरची गाडी येते, माणूस हँडल धरून डबा तिरका करतो आणि घरघरत ओढत नेतो. झाकणावर आता एक स्टीलची पट्टी आहे, तिच्या दोन टोकांना दोन बटणं. दोन्ही बटणं दोन अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायची, मग झाकण उचलायचं. कावळ्याला अंगठे नसतात, कुत्र्यालाही नसतात. आमच्या ह्यांना होते. पण दोन कामं एकाच वेळी करायची आहेत, एवढं त्यांच्या डोक्यात टिकत नव्हतं. खटका नेमका तेवढ्यासाठीच होता.

हे सांगायचं तर आधी दुसऱ्या एका डब्याचं सांगायला हवं.

लग्न झालं तेव्हा आम्ही चिंचवडला राहायचो. हे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. मी बावीस वर्षांची, इंग्रजीत काठावर पास आणि अकलेत सपशेल नापास. ह्यांच्या कमरेला एक आखूड पितळी किल्ली असायची. आंघोळीला जाताना तेवढी काढून खिळ्याला लावायचे.

"कसली हो ही किल्ली?"

"कंपनीची."

"कसल्या कुलुपाची?"

"एक लाल पेटी आहे. माझ्याशिवाय कुणी उघडायची नाही."

बस. पुढचं सगळं मी रचलं. लाल पेटी म्हणजे तिजोरी, दुसरं काय असणार? संध्याकाळपर्यंत शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांना ठाऊक झालं की आमच्या ह्यांच्याकडे कंपनीचा खजिना असतो. एकीने आपल्या भावाला तिथे चिकटवता येईल का, असा शब्दही टाकला. मी मान वाकडी करून म्हणाले, "बघते हं." बघते! दळण आणायलासुद्धा विचारून जावं लागणारी बाई मी.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी ती किल्ली पाटावर मांडली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, पुढ्यात लाह्या-बत्तासे ठेवले आणि डोळे मिटून नमस्कार केला. हे भिंतीला टेकून बघत होते. सुट्टी संपवून कामावर गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, किल्ली लाल-पिवळी कशाने झाली? त्या संध्याकाळी घरी येऊन ह्यांनी मला समोर बसवलं.

"अगं, ती रिजेक्शनच्या डब्याची किल्ली आहे. जो माल मापात बसत नाही तो त्यात टाकायचा आणि कुलूप लावायचं. नाहीतर कुणीतरी गुपचूप काढतो आणि चांगल्या मालात मिसळतो."

"म्हणजे मी भंगाराची पूजा केली?"

"मनापासून केलीस पण."

दोन दिवस मी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मीठ संपलं म्हणून बोलावं लागलं.

हे घरातही तपासनीसच होते. पोळी उजेडात धरून बघायचे, एक कड जाड निघाली की बाजूला ठेवायचे. 'चालेल' हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा. मी म्हणायचे, "चालेल हो तेवढं." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "चालेल म्हणणाऱ्यांच्या गाड्या रस्त्यात बंद पडतात." पुढे कंपनीने तमिळ मुलखात इरुंगाट्टुकोट्टैला कारखाना काढला, ह्यांना इकडे पाठवलं, आणि आम्ही इथलेच झालो. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीत नोकरीला लागला. हे निवृत्त झाले, किल्ली कुणा तमिळ पोराच्या हातात देऊन आले. त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

मग विसरण्याचा आजार आला. आधी रस्त्यांची नावं गेली, मग नातीचं गेलं, मग माझं. माझं गेलं त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. थापाच त्या.

सकाळी नऊ वाजता मात्र हे न चुकता तयार व्हायचे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट. जिना उतरून खाली जायचे. मला वाटायचं, फेऱ्या मारत असतील. एक दिवस गॅलरीतून वाकून पाहिलं तर हे कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभे. एकेक वस्तू काढत होते आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने मांडत होते. कुकरची सैल झालेली रिंग, मिक्सरच्या भांड्याचं झाकण, एका पायाची चप्पल, नारळाची करवंटी. प्रत्येक वस्तू उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, फिरवून बघायची. आणि म्हणायचं, "चालेल."

जन्मात कधी उच्चारला नाही तो शब्द! वर आले तेव्हा हातात ती कुकरची रिंग होती. "घे," म्हणाले, "चांगला पीस आहे."

मी ती फिनेलने धुतली आणि दुपारी हे झोपल्यावर परत डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा घरी. मी पण हट्टी. ती रिंग आमच्या घरी सहा वेळा आली. शेवटी एक दिवस गाडीवाला नऊच्या आधीच येऊन तिला घेऊन गेला तेव्हा सुटले.

त्याच आठवड्यात एका दुपारी माझी पोळी करपली. हे खात होते, खाता खाता म्हणाले, "चालेल." पन्नास वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो असा मिळाला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले बराच वेळ.

असं काही महिने चाललं. वरच्या मजल्यावरच्या बायका नाकाला ओढणी लावून जाऊ लागल्या. मुलं खिदळायची. मग एक दिवस डब्यात फुटका ग्लास होता. हे वर आले, तळहात माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे काय लागलंय?" जणू हात दुसऱ्याच कुणाचा. तीन टाके पडले.

रविवारी मुलगा आला. "आई, बाबांना खाली सोडू नकोस. दाराला वरून कडी लाव."

"माणसाला कडी?" मी म्हटलं. "ते काय कोंबडी आहेत?"

मी केवढं मोठं मन दाखवलं म्हणून स्वतःवरच खूश झाले. माणसाला कडी नाही लावायची तर डब्याला लावू, हे तेव्हाच सुचलं मला. वाटलं, काय डोकं आहे! बावीस वर्षांच्या त्या बाईला मी आयुष्यभर हसले, पण सत्तरीतली ही शहाणी तिच्या वरताण निघाली. आणि खरं सांगायचं तर टाक्यांपेक्षा ती नाकाला लावलेली ओढणी मला जास्त टोचत होती.

इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात. तंजावरचे मराठी. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन पिढ्यान्‌पिढ्या झाल्या, बोलतात ती मराठी जुन्या पोथीतली आणि हेल तमिळ. नवीन आले तेव्हा मी भर जिन्यात त्यांच्या मराठीतल्या चुका दुरुस्त करायचे. ते मान हलवून ऐकून घ्यायचे. त्या चुका नव्हत्या, जुन्या होत्या, हे कळायला मला दहा वर्षं लागली. तोवर ते मला अक्का म्हणू लागले होते, त्यामुळे माफी मागायची राहिलीच.

त्यांच्या दारात जाऊन मी म्हटलं, "डब्याचं झाकण सारखं उघडं राहतं हो. कावळे फार झालेत."

"कावळे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्या दिवशी एक फुटकी बादली आणि दोन बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

"होय अक्का," ते हळूच म्हणाले, "कावळे फार जाले."

चार दिवसांत खटका आला. बसवल्यावर पहिली फजिती माझीच झाली. पिशवी हातात घेऊन मी एका अंगठ्याने दाबतेय, मग दुसऱ्याने, मग कोपराने. सेक्रेटरींनी पिशवी धरली तेव्हा जमलं. झाकण सोडलं की आपोआप खाली येऊन खट्‌ वाजायचं. आता वास नाही, माश्या नाहीत. सगळी इमारत खूश.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता हे उतरले. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, पहिलाच मजला आमचा. थापा तयार ठेवल्या होत्या. आज सुट्टी आहे, आज माल आलेला नाही, साहेबांनी वर बोलावलंय. चिडले, रडले, तर कुठली सांगायची तेही ठरवून ठेवलं होतं.

ह्यांनी झाकण उचलून पाहिलं. उचललं जाईना. पुन्हा एकदा पाहिलं. मग वाकले, पट्टीवरून बोट फिरवलं, एक डोळा मिटून ती सरळ बसली आहे का ते बघितलं. चिडले नाहीत. ताठ उभे राहिले आणि वर बघून म्हणाले,

"कुलूप लावलंय."

"हो."

"किल्ली कुणाकडे आहे?"

कित्येक महिन्यांत त्यांनी मला असा मुद्द्याचा प्रश्न विचारला नव्हता. त्या खटक्याला किल्लीच नाही. पण तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे."

"बरं. कुणाला देऊ नका. साहेबांनी मागितली तरी नाही."

'नका' म्हणाले. मला जन्मभर 'अगं' म्हणत आलेला माणूस.

जिना चढून वर आले, खिशाचं पेन काढून फ्रिजवर ठेवलं आणि खुर्चीत बसले. मी जिंकले होते. मोठ्या आनंदाने दोघांना कॉफी केली, वर जास्तीची साखर.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, सव्वानऊ झाले. हे खुर्चीतच होते. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"खाली नाही जायचं?"

"चार्ज दिला ना," म्हणाले.

त्यानंतर शर्टाची बटणं मला लावावी लागली. मग घास भरवावा लागला. आठव्या दिवशी मी सेक्रेटरींच्या दारात गेले. "तो खटका काढून टाका हो."

ते अवघडले. "अक्का, लोकांस आवडला आहे. आणि खरेंच कावळे येत नाहींत आतां."

मग मीच ह्यांना हाताला धरून खाली नेलं. जिन्याच्या दर पायरीवर थांबत गेलो. डब्याशी उभं केलं, दोन्ही अंगठे दाबले, झाकण उचलून धरलं. वर एक मिक्सरचं भांडं होतं, चांगलं धडधाकट. खोटं कशाला बोलू, घरातलंच मी सकाळी आणून ठेवलं होतं.

"बघा तरी," मी म्हटलं. "चालेल का?"

ह्यांनी आत नजरसुद्धा टाकली नाही. माझे हात झाकणावरून बाजूला केले, हळूच, दुसऱ्या बाईचे हात करावेत तसे.

"रिजेक्शनचा डबा उघडा ठेवत नाहीत," म्हणाले.

झाकण खाली आलं. खट्‌.

त्यानंतर ते आपल्या पायांनी तो जिना उतरले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

डॉक्टर म्हणतात, आजार असाच वाढतो, खटका असता-नसता तरी तेच झालं असतं. मुलगाही तेच म्हणतो, फोनवर, दर रविवारी. मी त्याला हो म्हणते. चालेल तेवढं, म्हणते.

ह्या वर्षी आमच्याकडे दिवाळी नाही. शेजारपाजारच्या घरांतून डबे आले, म्हैसूरपाक, मुरुक्कू म्हणजे इथली चकली, सेक्रेटरींच्या घरून करंज्या. एवढं मी एकटी खाणार कधी! लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फटाक्यांचा धूर जिन्यापर्यंत आला होता. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. पदराखाली हळदकुंकवाची कोयरीही होती. आता ती मी वापरावी की नाही, हे विचारायला घरात कुणी मोठं उरलेलं नाही. मीच मोठी.

पदराने पट्टी पुसली. हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या. त्या घरंगळून चाकापाशी गेल्या. मग पिशवी मनगटाला अडकवून दोन्ही अंगठे दाबले आणि ती आत टाकली.

सकाळी सेक्रेटरी दूध घेऊन येताना डब्याशी थबकले. मी जिन्यातच होते.

"अक्का, डब्यास कुंकू कोणी लाविलें?"

"कावळ्यांनी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खिशातून रुमाल काढला आणि विचारलं, "पुसूं का?"

"नको. गाडी येईपर्यंत राहू द्या."