मुखचित्रातली बंद दारं

मंडळी, उद्या छपाईला जाणारं माझं पुस्तक आज दुपारी घोडपदेवच्या मावशींनी अडवलं, आणि मी भलताच खूश आहे.

पुस्तक त्यांच्या चाळीच्या आठवणींचं. शीर्षकासमोरच्या पानासाठी माझी चित्रकार मैत्रीण रीटा हिने पेन्सिलीने मुखचित्र काढलंय. भर दुपारची लांब गॅलरी, कठड्यावर वाळणारी गोधडी, ओळीने सात दारं. छपाईआधी मावशींना दाखवावं म्हणून, चित्र लावलेली पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन आम्ही दोघं गेलो.

मावशींनी चष्मा लावला. "दुपारच्या वेळी सगळी दारां बंद? माणसां गावाक गेली काय गो?"

रीटा अँटॉप हिलच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. चाळीत दिवसा दार बंद म्हणजे घरात कुणी नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तर परळच्या चाळीतला, तरी माझ्याही लक्षात आलं नाही!

"मावशी, उद्या छपाई आहे हो," रीटा रडवेली झाली.

"मगे आजच उघड!"

रीटा तिथेच फरशीवर बसली. ती एकेक दार खोडत होती आणि आत काय काढायचं ते मावशी सांगत होत्या. पहिल्या दारात पापड लाटणारी बाई आली, तिसऱ्यात पत्ते खेळणारे दोघे. पाचव्या दारात मावशींनी स्वतःलाच बसवून घेतलं, "जरा बारीक काढ" अशी ताकीद देऊन.

मुखचित्र म्हणजे नुसती सजावट, असं मला आजवर वाटायचं. पण ते पुरं झाल्यावर मावशींनी निरखून पाहिलं, "आता आत जातंय मी," म्हणाल्या आणि पान उलटलं.

तुम्हाला असं आत बोलावणारं चित्र कुठल्या पुस्तकात भेटलं?